चोरीच्या पोथ्या आणि उसनं वळण

1427 सालच्या सप्टेंबरात पोज्जो ब्राच्चोलिनी नावाच्या गृहस्थाने रोमहून फ्लोरेन्सला एक पत्र पाठवलं. हा पोपच्या कचेरीतला चिटणीस. पत्र निक्कोलो निक्कोली या जिवलग मित्राला होतं आणि विषय होता टॅसिटस या रोमन इतिहासकाराची एक पोथी. आशय साधारण असा: टॅसिटस माझ्याकडे आला की मी तो कुणाच्या नजरेला पडू देणार नाही. तो कुठून निघाला, कुणाच्या हातून आला, त्यावर हक्क कोण सांगतंय, ही सगळी रामकहाणी मला ठाऊक आहे. तू निर्धास्त राहा, माझ्या तोंडून अवाक्षर निघायचं नाही.

माल चोरीचा होता हे कळायला वकील नको. पुढच्या महिन्यात पोथी पोचली आणि पोज्जोने आभार मानता मानता कुरकुर सुरू केली. अक्षर लोंबार्डी वळणाचं आहे, बरंचसं उडालेलं आहे, हे नीट वाचणारा लेखनिक मी आणू कुठून? आधी कळलं असतं तर तुला तसदीच दिली नसती!

ज्या पोथीवर हे नाक मुरडणं चाललं होतं ती अकराव्या शतकात दक्षिण इटलीतल्या मॉन्ते कासिनोच्या मठात लिहिली गेली होती. जळणारं रोम, निरोने केलेला आईचा खून, सेनेकाचा मृत्यू हे सगळं टॅसिटसच्या शब्दांत आज वाचता येतं ते या एका पोथीमुळे. त्या भागाच्या नंतरच्या साऱ्या नकला तिच्यावरूनच उतरल्या, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मठातून ती बाहेर कशी पडली, याचा पत्ता पोज्जोने शब्द पाळल्यामुळे आजवर लागलेला नाही. पोथी आता फ्लोरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयात आहे.

आमच्या शाळेच्या इतिहासात हे प्रकरण दोन ओळींत आटपलं होतं. 1453 मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं, ग्रीक पंडित हस्तलिखितं काखोटीला मारून इटलीत पळाले आणि युरोपात प्रबोधनाला सुरुवात झाली. ‘कारणे द्या’मध्ये हमखास येणारा प्रश्न. उत्तर घोकलेलं असल्यामुळे गुणही हमखास. आता तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की गंमत वाटते. 1453 साल उजाडलं तेव्हा निक्कोलीला जाऊन सोळा वर्षं झाली होती. पोज्जो 73 वर्षांचा होता आणि त्याच वर्षी फ्लोरेन्सचा चान्सलर, म्हणजे सरकारचा मुख्य चिटणीस, झाला. ग्रीक शिकवायला मॅन्युएल क्रिसोलोरास कॉन्स्टँटिनोपलहून फ्लोरेन्सला आला तो 1397 मध्ये, कुणी हाकलला म्हणून नव्हे, तर तेव्हाचा चान्सलर कोलुच्चो सालुताती याने मानाने बोलावलं म्हणून. लिओनार्दो ब्रूनी नावाचा तरुण त्या वेळी कायदा शिकत होता. कायद्याचे मास्तर गल्लोगल्ली आहेत, ग्रीकचा हा एकच, असा हिशोब करून त्याने कायदा सोडला. बेसारियनसारखे ग्रीक विद्वान आणि त्यांची ग्रंथसंपदा नंतर इटलीला लाभली हे खरंच, पण गाडी कधीचीच सुटली होती.

आणि लॅटिन मेलेली कधीच नव्हती. चर्चमध्ये, न्यायालयात, विद्यापीठात तिचाच कारभार होता. ॲरिस्टॉटल पॅरिसमध्ये तेराव्या शतकापासून शिकवला जात होता, काही अरबीवरून झालेल्या भाषांतरांतून, काही थेट ग्रीकवरून. मग नवीन काय झालं? मला वाटतं, प्राचीन माणसं माणसं म्हणून दिसू लागली. 1345 मध्ये पेट्रार्क या इटालियन कवीला व्हेरोनाच्या कॅथीड्रलच्या ग्रंथालयात सिसेरो या प्राचीन रोमन वक्त्याची खासगी पत्रं सापडली. तोवर सिसेरो म्हणजे सुभाषितांची खाण. या पत्रांत तो राजकारणात लुडबुडणारा, घाबरट, चिडका, क्षणात इकडे क्षणात तिकडे असा निघाला. पेट्रार्क इतका दुखावला की त्याने सिसेरोलाच पत्र लिहून झापलं: म्हातारपणी कशाला पडलास त्या भांडणात? मेल्याला चौदाशे वर्षं होत आली आहेत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण ज्याच्यावर रागवता येतं तो परका राहत नाही.

पेट्रार्कचीच आणखी एक आठवण सांगायचा मोह आवरत नाही. 1333 मध्ये लिएजला त्याला सिसेरोचं एक हरवलेलं भाषण मिळालं. उतरवून घ्यायला बसला तर त्या अख्ख्या शहरात धड शाई मिळेना. मिळाली ती केशरासारखी पिवळी. म्हातारपणीही तो हे विसरला नव्हता. ही माणसं भव्य बोलत असत, पण त्यांची कामाची बाजू अशीच होती: शाई, चर्मपत्र, वाटखर्च आणि पोथी बघू देईल की नाही याची धाकधूक असलेला मठाधिपती.

पोज्जोला मोकळा वेळ मिळाला तो मालकाची नोकरी गेल्यामुळे. एकाच वेळी तिघे जण स्वतःला पोप म्हणवत होते. तो तिढा सोडवायला 1414 मध्ये कॉन्स्टन्स इथे धर्मसभा भरली आणि पोज्जोचा पोप तिथे 1415 साली पदच्युत झाला. रिकामा चिटणीस दोन मित्रांना घेऊन 1416 च्या उन्हाळ्यात वीसेक मैलांवरच्या सेंट गॅलनच्या मठात गेला. तिथे धुळीने आणि बुरशीने माखलेल्या ढिगात क्विंटिलियन या प्राचीन रोमन शिक्षकाचा वक्तृत्वशास्त्रावरचा ग्रंथ होता, संपूर्ण. इटलीत तोवर त्याची तुटकीफुटकी प्रतच फिरत होती. याचं वर्णन पोज्जोने ग्वारिनो या मित्राला लिहिलेल्या पत्रात केलं आहे ते नाटकातलं वाटावं असं. बुरुजाच्या तळाशी, फाशीच्या कैद्यालाही ठेवू नये अशा अंधारकोठडीत क्विंटिलियन पडला होता. दाढी वाढलेली, केस धुळीने चिकटलेले, हात पसरून रोमन लोकांची मदत मागत होता.

वाचायला झकास. पण जरा थांबावं. तो ‘कैदी’ तिथे पोचला कसा? सेंट गॅलनच्या कुणा मठवाशाने मेंढीच्या किंवा वासराच्या कातड्यावर रेघा आखून, हिवाळ्यात बोटं गारठत असताना तो ओळीन् ओळ उतरवला म्हणून. मठाने पुढची चारेकशे वर्षं सांभाळला म्हणून. धूळ होती, कबूल. त्या काळी मठाची रया गेलेली होती, हेही कबूल. मॉन्ते कासिनोबद्दल बोकाचो या इटालियन लेखकाच्या एका शिष्याने लिहून ठेवलेली गोष्ट याहून वाईट आहे: ग्रंथालयाला दार नाही, खिडक्यांत गवत उगवलेलं, आणि साधू पोथ्यांच्या कडा कापून पोरांसाठी स्तोत्रांच्या चोपड्या आणि बायकांसाठी ताईत करून विकताहेत. सिसेरोचा राज्यशास्त्रावरचा ग्रंथ तर खरवडून त्यावर संत ऑगस्टिन लिहिला गेला होता. ती खालची अक्षरं 1819 मध्ये व्हॅटिकनमध्ये वाचली गेली. तेव्हा मठवासी काही हुतात्मे नव्हते. तरी लॅटिनमधलं जे वाचलं त्यातलं फार मोठं वाचलं ते नवव्या शतकाच्या आसपास, सम्राट शार्लमेन आणि त्याच्या वारसांच्या काळात, मठामठांतून झालेल्या नकलांमुळे. लुक्रेशियस या रोमन कवीच्या महाकाव्याच्या आज उपलब्ध असलेल्या सगळ्यांत जुन्या दोन संपूर्ण म्हणाव्या अशा प्रती लायडेनमध्ये आहेत. दोन्ही नवव्या शतकातल्या.

सोडवणाऱ्यांचं काय? पोज्जोने पाहिलेली सेंट गॅलनची क्विंटिलियनची प्रत म्हणून जी मानली जाते ती आज झ्युरिकच्या ग्रंथालयात शाबूत आहे. तिला मठाने बाहेर जाऊ दिलं नव्हतं. पोज्जोने नक्कल करून नेली. उलट क्लूनीच्या मठातून त्याने सिसेरोच्या भाषणांची जुनी पोथी आणली, ती पुढे बेपत्ता झाली. 1421 मध्ये लोदी गावी बिशप लांद्रियानी यांना कॅथीड्रलमध्ये सिसेरोचे वक्तृत्वावरचे तीन ग्रंथ असलेली प्राचीन पोथी सापडली. विद्वानांत ती हातोहात फिरली आणि 1428 नंतर तिचा मागमूस नाही. कॅटुलसच्या कविता व्हेरोनात एका पोथीत उरल्या होत्या. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला ती उजेडात आली, तिच्या नकला झाल्या आणि मूळ पुन्हा गडप. पेट्रार्कने ज्यावरून सिसेरोची पत्रं उतरवली तीही पोथी राहिली नाही. नवी, सुवाच्य, सुंदर अक्षरातली प्रत हाती आल्यावर जुन्या चुरगळलेल्या चर्मपत्राची किंमत कुणाला? शेवटी मजकूर टिकला, हे काही थोडं नाही. पण ‘अंधारकोठडीतून सुटका’ या गोष्टीतला हा भाग सहसा सांगत नाहीत. तुरुंगात कैदी धडधाकट होता, सुटकेनंतर हरवला.

एक किस्सा तर पोपचाच आहे. टॅसिटसच्या इतिहासाचे सुरुवातीचे सहा भाग एकाच नवव्या शतकातल्या हस्तलिखितात उरले होते. ते जर्मनीतल्या कोर्वेच्या मठातून चोरीला गेलं आणि फिरत फिरत रोममध्ये पोप दहावा लिओ याच्याकडे आलं. त्याने 1515 मध्ये ग्रंथ छापून घेतला. मूळ पोथी काही परत केली नाही. मठाला छापील प्रत पाठवली, चांगली बांधणी करून, आणि जोडीला तिथल्या चर्चसाठी पापक्षमेचं कायमस्वरूपी पत्र. चोरीच्या मालाची भरपाई पुण्याईने! तीही पोथी आज लॉरेन्शियनमध्येच आहे.

मला या मंडळींचा राग येत नाही. ओळख पटते. पुस्तक वाचायला म्हणून नेऊन वर्षानुवर्षं न परतवणारे मित्र आपल्यालाही असतात, आणि आपणही कुणाचे तरी तसे मित्र असतो. पोज्जोला 1417 मध्ये जर्मन भागातल्या एका मठात लुक्रेशियस सापडला. अणू, पोकळी, मरणाची भीती कशाला धरायची, असं सगळं सांगणारं ते जवळजवळ विसरलं गेलेलं काव्य. त्याने प्रत करवून निक्कोलीकडे धाडली. निक्कोली ती सोडेना. बारा वर्षांनी पोज्जो वैतागून लिहितो की तुझी पुस्तकं उतरवून होण्याआधी तुझं थडगं बांधून होईल. पोज्जोची ती प्रत आज नाही. निक्कोलीने स्वतःच्या हाताने केलेली नक्कल तेवढी आहे.

निक्कोली हा या सगळ्यातला माझा सर्वांत आवडता माणूस. व्यापाऱ्याचा मुलगा, पण सगळा पैसा पुस्तकांत आणि जुन्या वस्तूंत घातला. स्वतः ग्रंथ म्हणून काही लिहिलं नाही. त्याची चव इतकी कडक की स्वतःचंच लॅटिन त्याला पसंत पडत नसावं. जेवायला बसला की शुभ्र मेजपोश, प्राचीन भांडी, स्फटिकाचा पेला. वेस्पासियानो हा ग्रंथविक्रेता त्याला ओळखत होता. त्याने लिहून ठेवलंय की एकदा रस्त्यात एका पोराच्या गळ्यात निक्कोलीला कोरीव काम केलेला प्राचीन मणी दिसला. बापाचं नाव विचारून निरोप पाठवला, विकता का? बापाने आनंदाने पाच फ्लोरिनला दिला. मणी पुढे एका बड्या धर्माधिकाऱ्याने कित्येक पटींनी विकत घेतला आणि शेवटी मेदिची या फ्लोरेन्सच्या सत्ताधारी घराण्याच्या संग्रहात गेला. त्या बापाला हे कधी कळलं का, कोण जाणे.

1437 मध्ये निक्कोली गेला तेव्हा सुमारे 800 ग्रंथ मागे होते आणि भरपूर कर्ज. त्याची इच्छा एकच: पुस्तकं लोकांना वाचायला खुली राहावीत. कोसिमो दे मेदिचीने कर्ज फेडलं आणि सान मार्कोच्या मठात मिकेलोझ्झोकडून दालन बांधून घेऊन त्यातली निम्मी पुस्तकं तिथे ठेवली. 1444 मध्ये ते उघडलं. फ्लोरेन्सला गेलेले लोक सान मार्कोत फ्रा अँजेलिकोची भित्तिचित्रं बघायला जातात, मीही त्यासाठीच गेलो होतो. कोठड्यांच्या रांगेतून चालताना मध्येच एक दार लागतं आणि आत हे लांबलचक दालन. आयोनिक पद्धतीच्या सडपातळ खांबांच्या दोन रांगा, तीन पट्ट्यांत विभागलेली जागा, दोन्ही बाजूंनी येणारा सौम्य उजेड. वाचायचे बाक आता नाहीत. पुस्तकं साखळीने बाकांना बांधलेली असत, एवढं उघड्या फरशीवरून कल्पनेनंच जोडायचं. दालनात काचेच्या पेट्यांत हस्तलिखितं मांडली होती आणि पर्यटक त्यांच्याकडे ओझरतं बघून पुढच्या कोठडीकडे जात होते. मठवाशांना तुरुंगाधिकारी म्हणणाऱ्यांची पुस्तकं शेवटी मठातच आली, हे मला तिथे उभं राहून फार आवडलं.

पुस्तकांचे हे लाड चालू असताना दगडांचे हाल कुत्रं खात नव्हतं. पोज्जो 1403 मध्ये रोमला प्रथम आला तेव्हा कॅपिटोल टेकडीखालचं एक देऊळ जवळपास सबंध उभं होतं. पुढे लोकांनी ते चुन्यासाठी फोडलं, असं तोच लिहितो. संगमरवर भट्टीत भाजला की उत्तम चुना होतो आणि रोमला बांधकामासाठी चुना हवाच होता. शंभरेक वर्षांनी राफाएलने पोपला लिहिलेल्या पत्रात हेच रडगाणं आहे: आज दिसणारं हे नवं रोम, राजवाडे, चर्च, सगळं प्राचीन संगमरवराच्या चुन्यात बांधलेलं आहे. पत्र लिहिणारा राफाएल त्याच वेळी नव्या सेंट पीटर्सचा मुख्य वास्तुविशारद होता.

आता अक्षराकडे यायचं, कारण सगळ्यांत मोठा विनोद तिथे आहे.

पेट्रार्कच्या काळात पुस्तकं गॉथिक वळणात लिहीत. दाट, टोकदार, एकमेकांत घुसलेली अक्षरं. पेट्रार्क म्हणतो, लांबून शोभतात, जवळून डोळे शिणवतात, जणू वाचण्याखेरीज दुसऱ्याच कशासाठी शोधलेली आहेत. सालुतातीचे डोळे वयामुळे अधू झालेले, त्यालाही मोठं मोकळं अक्षर हवं होतं. जुन्या पोथ्यांत तसं अक्षर होतं: गोल, सुटं, हवेशीर. साधारण 1402-03 च्या सुमारास विशीतल्या पोज्जोने ते वळण गिरवून आपलंसं केलं. हे आपल्या पूर्वजांचं, खऱ्या रोमनांचं अक्षर, अशा समजुतीने त्याला ‘प्राचीन अक्षर’ म्हणू लागले. निक्कोलीने त्याच धर्तीचं उजवीकडे कललेलं, भरभर लिहायचं वळण वापरलं. पुढे व्हेनिसमध्ये निकोलस जेन्सनने 1470 मध्ये पोज्जोच्या परंपरेतल्या अक्षरावरून छपाईचे खिळे पाडले, तर आल्डस मानुटियसने 1501 मध्ये तिरक्या अक्षरात खिशात मावेल असा रोमन कवी व्हर्जिल छापला.

पण सिसेरोने किंवा व्हर्जिलने असं अक्षर जन्मात पाहिलं नव्हतं. पोज्जोने ज्या पोथ्यांवरून ते उचललं त्या नवव्या ते बाराव्या शतकातल्या होत्या आणि वळण शार्लमेनच्या काळात मठांमधून घडलेलं. ज्या मधल्या काळाला ही मंडळी अडाणी म्हणत होती, त्याच काळाचं अक्षर त्यांनी प्राचीन रोमचं म्हणून डोक्यावर घेतलं. आपण इंग्रजीसाठी चार रेघी वहीत जी छोटी अक्षरं गिरवली, ती त्याच घराण्यातली. मोठी अक्षरं रोमन शिलालेखांची, छोटी मठातली. एकाच ओळीत दोन काळ शेजारी बसतात आणि कुणाला खटकत नाही.

हे अक्षर आपल्याकडेही फार लवकर आलं. 1556 मध्ये गोव्यात छापखाना उतरला. 1579 मध्ये थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री गोव्याला आला, मराठी शिकला आणि 11 हजारांच्या आसपास ओव्यांचं क्रिस्तपुराण त्याने रचलं. ते देशी लिपीत छापावं अशी त्याची फार इच्छा. 1608 मध्ये त्याने रोमला आपल्या वरिष्ठांना तसं लिहिलं आणि अडचणही सांगितली: युरोपात 24 अक्षरांत भागतं, इथल्या लिपीला 600 साचे लागतील. साचे झाले नाहीत. 1616 मध्ये साष्टीतल्या रायतूरला क्रिस्तपुराण छापलं गेलं ते रोमन लिपीत. ‘अ’ला एक खूण, ‘ळ’ला दुसरी कसरत करत, मराठी ओवी त्या उसन्या वळणाच्या अक्षरांत बसवली गेली. 1649 आणि 1654 मध्ये पुन्हा आवृत्त्या निघाल्या.

त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज कुठे मिळत नाही. 1684 मध्ये पोर्तुगीज सरकारने देशी भाषेच्या विरोधात फर्मान काढलं, नवी छपाई बंदच झाली. ग्रंथ राहिला तो हाताने उतरवलेल्या प्रतींत, गोव्यात आणि मंगळूरकडच्या ख्रिस्ती घरांत. 1907 मध्ये मंगळूरला जोसेफ सालढाणा यांनी तो परत छापला तोही अशा हस्तलिखितांवरूनच. लंडनला मार्सडेन संग्रहात त्याची एक हस्तलिखित प्रत आहे, ती देवनागरीत. स्टीफन्सने 1608 साली मागितलेली अक्षरं त्याच्या ग्रंथाला मिळाली ती अशी, खिळ्यांतून नाही, कुणा लेखनिकाच्या बोरूतून.